बिनआरशाची मोटर

मी ज्या मोटरीवर नोकरीला लागलो तिला आरसा नव्हता. कारखान्यातून येताना होता, डायवरच्या डोक्यावर, पुढच्या काचेच्या चौकटीला लावलेला. वकीलसाहेबांनी मोटर घरी आणली आणि पहिल्याच आठवड्यात तो काढून कपाटात ठेवला. चौकटीवर स्क्रूची भोकं तेवढी उरली होती.

निजामी अमल होता आणि दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. सरकारी कागदात गावाचं नाव उस्मानाबाद, आमच्या तोंडात धाराशिव. मी बेंबळीचा, जातीनं लिंगायत, नाव शिवप्पा. सोलापुरात एका उस्तादाच्या हाताखाली मोटर शिकलो होतो. त्या उस्तादाचं मनगट वाकडं होतं, कारण त्यानं तरुणपणी हँडल मारताना अंगठा दांड्याभोवती आवळला होता. तेव्हाची मोटर पुढून लोखंडी हँडल फिरवून चालू करावी लागे. इंजिन कधीकधी उलटा झटका मारी. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवलेला असला तर हँडल हातातून सुटून जाई; अंगठ्यानं मिठी मारली असली तर मनगटाचे तुकडे. उस्तादानं मला शिकवलेली पहिली गोष्ट हीच. गिअर, क्लच, ब्रेक सगळं नंतर.

तर वकीलसाहेबांची मोटर. जुनी, अमेरिकन बनावटीची, वर कापडाचं छप्पर. घर मुसलमानी, बायका पडदा पाळणाऱ्या, म्हणून मोटरीलाही पडदे. दोन्ही बाजूंना निळे, आणि माझी पाठ व मागची बैठक यांच्यामध्ये एक जाडजूड, सतरंजीसारखा. आरसा ठेवला असता तर त्या मधल्या पडद्याच्या फटीतून डायवरला मागच्या बायका दिसल्या असत्या. म्हणून आरसा गेला.

वकीलसाहेब भला माणूस. मी पहिल्याच दिवशी विचारलं तर त्यांनी कसनुसं तोंड केलं.

"शिवप्पा, माझ्या मनात काही नाही. पण घरात मावश्या येतात, आत्या येतात. आरसा दिसला की त्या मोटरीत पाय ठेवत नाहीत. तू आपला जपून चालव."

"साहेब, पुढचं म्या जपतो. मागनं येणाऱ्यानं बी जपाया पायजे की."

"बाहेरच्या बाजूनं लाव मग."

लावून पाहिला. मोटर जरा पळायला लागली की बाजूचे पडदे वाऱ्यानं फुगायचे आणि आरशात नुसतं निळं कापड दिसायचं. तोही काढला.

आजची पोरं आरशात बघून भांग पाडतात, म्हणून सांगतो. मागचं न दिसता मोटर चालवणं म्हणजे काय, हे कळायला एकदा कानात कापूस घालून, मान न वळवता बाजारातून चालून बघावं. कापडी छपराची मोटर पळताना इतकी फडफडते की मागून कुणी भोंगा वाजवला तरी कळत नाही. आणि रस्ता एका मोटरीपुरता. मागच्याला पुढं जायचं असेल तर पुढच्यानं डावीकडं सरकून, उजवा हात बाहेर काढून, "जा बाबा" अशी खूण करायची, हा रिवाज. मी कुणाला जागाच द्यायचो नाही. दोन-चार महिन्यांत रस्त्यावरच्या डायवर लोकांत माझं नाव झालं, 'मग्रूर शिवप्पा'. नाव ऐकून मलाच हसू यायचं.

मोटरीत बहुतेक वेळा दोघी असत. एक वकीलसाहेबांच्या आई. घरात त्यांना अम्मीजान म्हणत, मी अम्माँसाहेब म्हणायचो. साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, पण आवाज कोतवालाचा. माहेर खेड्यातलं, त्यामुळं घरात दखनी बोलत तरी माझ्याशी मराठी बोलत आणि ती माझ्यापेक्षा ठसकेदार. दुसरी त्यांची सून. तिला अम्माँसाहेब 'दुल्हन' म्हणत. ती बरेच दिवस माझ्यासमोर बोललीच नाही. मोटरीत बसली की तिला मळमळायचं. ती लिंबू हुंगत बसायची, एवढंच मला वासावरून ठाऊक.

एकदा येडशीकडून परत येताना एक सर्व्हिस मोटर, म्हणजे तेव्हाची प्रवासी बस, माझ्या मागं लागली होती. किती वेळ भोंगा वाजवत होती देव जाणे. शेवटी वैतागून तो डायवर रस्ता सोडून, खड्ड्यातून उसळत, माझ्या मोटरीला खेटूनच पुढं गेला. त्याचं मागचं चाक आमच्या मडगार्डला घासून गेलं. दुल्हन किंचाळली. मी मोटर बाजूला घेऊन थांबवली.

पडद्यामागून आवाज आला, "शिवप्पा, तुला मागचं दिसत न्हाय व्हय?"

"न्हाय अम्माँसाहेब. आरसा न्हाय."

"का न्हाय?"

"तुम्ही दिसाल म्हणून," असं बाईमाणसाला कसं म्हणायचं? पण बाई वकिलाच्या आई होत्या. लगेच म्हणाल्या, "हां. म्हंजे आमच्यापायी."

मग काही खुडबुड ऐकू आली. मोटरीच्या पाठीला, छपरात, पाटीएवढी एक काच होती. तिच्यावरही पडद्याचा तुकडा टाचलेला होता. तो त्यांनी एका कोपऱ्यातून उचकटला.

"इथनं सगळा रस्ता दिसतो की! लांब, पार त्या बाभळीपत्तर. म्या बघते आन तुला सांगते."

"फडफडीत ऐकू येत न्हाय, अम्माँसाहेब."

"मग दोरी बांधू."

दोरी म्हणजे पायजम्याची नाडी. घरी गेल्यावर त्यांनी ती स्वतः दिली. आम्ही ती मधल्या पडद्याखालून काढून माझ्या डाव्या दंडाला बांधली. दुसऱ्या दिवशी बाजारातून बाहेर पडलो आणि मागून एक घोडागाडी येताना पाहून अम्माँसाहेबांनी असा काही हिसका दिला की माझा हात स्टिअरिंगच्या चाकासकट वळला आणि मोटर सरळ निवडुंगात शिरली. घोडागाडीवाला खाली उतरून पोट धरून हसला. तेव्हापासून माझा एक नियम झाला. चालवणाऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, दोरी नाही, काही नाही. पुढं ज्याला ज्याला शिकवलं त्याला हे अगोदर सांगितलं.

मग मी बैलाच्या गळ्यातलं एक घुंगूर आणून माझ्या डाव्या बाजूला टांगलं आणि नाडी त्याला बांधली. एकदा वाजलं तर मागून कुणी येतंय. दोनदा वाजलं तर थांब.

पहिले काही दिवस घुंगूर थांबेचना. बैलगाडी मागं राहिली, वाजव. कुत्रं मागं लागलं, वाजव. एकदा मी दोनदा वाजलं म्हणून थांबलो, तर आतून आवाज, "आरं, मोर! बांधावर मोर हाय!" मी खाली उतरून समजावलं.

"अम्माँसाहेब, आपल्यापेक्षा जोरात पळतंय त्याचंच सांगायचं. मोर आपल्याला वलांडून जात न्हाय."

त्या फुगल्या. वाटेत पुन्हा वाजवलंच नाही. पण घरी उतरताना हळूच म्हणाल्या, "चाळीस वर्सं हितं ऱ्हाते म्या. ह्या रस्त्याला मोर असत्यात, हे आज कळलं."

नंतर मोर दिसला तर तीनदा वाजवायचं, असं ठरलं. तीनदा वाजलं की मी थांबायचो नाही, नुसती मान हलवायचो.

बघता बघता त्या माझ्यापेक्षा तरबेज झाल्या. धुरळा बघून ओळखायच्या की सर्व्हिस मोटर आहे की टांगा. माझं डायवर लोकांतलं नाव सुधारलं. एवढंच नाही, आवाजावरून त्यांना इंजिनही कळायला लागलं. चढावर मी गिअर बदलायला जरा उशीर केला की पडद्यामागून ऐकू यायचं, "शिवप्पा, रडतंय बघ ते!" आणि खरंच इंजिन रडत असायचं. चढावर मोटर दमायला लागली की खालचा गिअर टाकायचा असतो, बैलाला चढावर ओझं कमी करावं तसं.

आता तो घाटातला दिवस सांगतो.

अम्माँसाहेबांची लेक सोलापुरात दिली होती. तिच्याकडं निघालो होतो. तुळजापूर मागं टाकलं की घाट उतरायचा, मग पुढं करोडगिरीचा, म्हणजे निजामी जकातीचा, नाका, तो ओलांडला की इंग्रजी मुलूख. घाटाच्या तोंडाशी मी नेहमी थांबायचो. ब्रेक दाबून बघायचो, चाकं चाचपायचो आणि उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचो. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हा उस्तादाचा मंत्र. इंजिन चालू आणि गिअरात असलं की तेच चाकांना आवरून धरतं. नुसत्या ब्रेकवर उतरायला गेलं की ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक म्हणजे साबण लावलेला हात. काही धरत नाही.

अर्ध्या घाटात घुंगूर एकदा वाजलं. मी डावीकडं सरकलो, हात बाहेर काढून "जा" म्हटलं. कुणी गेलं नाही. घुंगूर पुन्हा वाजलं, मग वाजतच राहिलं. मला वाटलं, मोरांचा थवा दिसला असेल.

तेवढ्यात मधला पडदा टरकन बाजूला झाला आणि अम्माँसाहेबांचं तोंड माझ्या कानाशी आलं.

"शिवप्पा, लॉरी! तिचा डायवर दार उघडून फळीवर उभा ऱ्हायलाय!"

चालत्या लॉरीतून डायवर दाराबाहेर येतो तो एकाच कारणानं. उडी मारायला. म्हणजे लॉरी त्याच्या हातात राहिली नव्हती.

माझा पाय आपोआप ब्रेककडं गेला आणि मी तो ओढून घेतला. थांबलो असतो तर ती आमच्यावर चढली असती. डावीकडं डोंगर होता, पण तिथंच ओढ्यावरची दगडी मोरी, तिच्या कठड्यामुळं सरकायला वीतभर जागा नव्हती. उजवीकडं दरी. मोरीच्या पुढं, वळणाच्या अलीकडं, रस्त्याच्या कामासाठी टाकलेला खडीचा ढीग मला दिसत होता. तिथवर लॉरीच्या आधी पोचायचं, एवढीच वाट.

उतारावर मोटर पळवायची नाही, हे मी जन्मभर शिकवत आलो. त्या दिवशी मी वरचा गिअर टाकला आणि पळवली. भोंगा दाबून धरला, समोरून कुणी येत असेल तर त्याला कळावं म्हणून. कानाशी अम्माँसाहेब न घाबरता सांगत होत्या, "आली... लांब हाय... जवळ आली... आता आली शिवप्पा, आली!"

मोरी सुटली. मी डावीकडं वळवून मोटर खडीच्या ढिगात घातली. पुढची चाकं रुतली, आम्ही सगळे पुढं आदळलो आणि त्याच क्षणी ती लॉरी आमच्या बाजूनं, पडदे उडवत निघून गेली. तिचा वारा अजून आठवतो. मग पुढून मोठा, खरडल्याचा आवाज आला.

दुल्हन रडत होती. अम्माँसाहेबांनी तिला विचारलं, "लागलं का?" तिनं नाही म्हणून मान हलवली. "मग रडू नक्को. पाण्याची सुरई घे." आणि बुरख्याचं तोंड खाली ओढून त्या माझ्याआधी रस्त्यावर उतरल्या.

लॉरीचा डायवर शहाणा निघाला होता. त्यानं उडी मारली नव्हती. आत जाऊन लॉरी डोंगराच्या अंगाला घासत नेली होती आणि वळणावर ती एका कुशीवर आडवी झाली होती. भुईमुगाच्या शेंगांची पोती फुटून रस्ताभर शेंगा. तो त्या शेंगांतच बसला होता, एक हात लोंबकळत, तोंड पांढरंफटक. अम्माँसाहेबांनी त्याला पाणी पाजलं आणि दुल्हनच्या ओढणीनं हात गळ्यात बांधायला मला लावलं. मग विचारलं, "असं कसं झालं रं?"

तो लाजत म्हणाला, "अम्मा, न्यूटल केलं होतं. इंजिन बी बंद. पेट्रोल लई वांध्यात हाय, उतारावर वाचतं."

लढाईमुळं पेट्रोल मोजून मिळायचं. त्यामुळं बरेच जण उतारावर इंजिन बंद करून, गिअर सोडून, मोटर नुसती घरंगळू देत. आधी बरं वाटतं. मग वेग वाढतो, ब्रेक तापतात आणि पुन्हा गिअर टाकायला जावं तर पडत नाही, नुसती खरखर. त्याचं तेच झालं होतं.

"म्हंजे," अम्माँसाहेब माझ्याकडं वळून म्हणाल्या, "चालू इंजिन हाच मोठा ब्रेक?"

"व्हय, अम्माँसाहेब."

त्या कितीतरी वेळ त्या आडव्या लॉरीकडं बघत राहिल्या.

मागून आलेल्या सर्व्हिस मोटरीतल्या माणसांनी आमची मोटर खडीतून ढकलून काढली. जखमी डायवरला मी माझ्या शेजारी बसवलं. वाटेत जरा सावरून तो इकडंतिकडं बघायला लागला.

"भाऊ, तुमच्या मोटरीला आरसाच न्हाय. तुमाला म्या दिसलो कसा?"

मी तोंड उघडायच्या आत पडद्यामागून उत्तर आलं, "आरसा मागं बसलाय. गप बस, हात हलवू नक्को."

सोलापूरच्या दवाखान्यात त्याचा हात बसवला. पुढं तो बरा होऊन पुन्हा लॉरीवर गेला. रस्त्यात भेटला की तो माझ्या आधी मोटरीच्या पडद्याला सलाम करायचा.

वकीलसाहेबांना हे कळलं. पुढच्याच खेपेला सोलापुरातून लांब दांड्याचा एक आरसा आणून त्यांनी तो पुढच्या मडगार्डवर बसवून घेतला. पडदे कितीही फुगले तरी तिथवर पोचत नव्हते, आणि त्यात रस्त्याशिवाय काही दिसत नव्हतं. मावश्या खूश, आत्या खूश, मी तर सगळ्यात खूश.

एक माणूस मात्र खूश नव्हतं. दोन-तीन खेपा झाल्या तरी घुंगूर वाजलं नाही. मोराचंही नाही. मला करमेना. एके दिवशी मी वाड्याबाहेर मोटर पुसत असताना दुल्हन दाराच्या आडून माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"शिवप्पाभाऊ, अम्मीजान मागं बघतच न्हाईत आता. डोळे मिटून बसतात. जेवण बी कमी झालंय."

मी गेलो. वाड्यातल्या पडद्याअलीकडं उभा राहून म्हणालो, "अम्माँसाहेब, त्यो आरसा लई थरथरतो. धूळ बी बसती. तुम्ही बघत ऱ्हावा, मला आधार वाटतो."

"खोटं बोलू नक्को. आरसा चांगला हाय. म्या बघितलाय त्यात वाकून."

मग आतून आवाज आला, या वेळी कोतवालाचा नव्हता.

"मागचं लई बघून झालं, शिवप्पा. आता मला पुढचं बघायचंय. मला मोटर शिकव."

मी चाचरलो, "वकीलसाहेबांना इचारून..."

"आईनं लेकाला इचारायचं? म्या सांगीन त्याला. सांगितलं म्हंजे झालं."

काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. वकीलसाहेबांनी मला बोलावून एवढंच म्हटलं, "शिवप्पा, रस्त्यावर नको. आणि सावकाश." हसत होते की कपाळाला हात लावत होते, नीट कळलं नाही. दोन्ही असावं.

पुढं राज्य बदललं, ते कुटुंब हैदराबादला गेलं, मोटर विकली गेली. रस्त्यावर अम्माँसाहेबांनी मोटर कधी चालवली नाही, याची मला अजून रुखरुख आहे. चालवली असती तर या जिल्ह्यात त्यांच्याइतका सांभाळून चालवणारा डायवर मिळाला नसता. कारण बहुतेकांना मोटर पुढं न्यायची घाई असते; या बाईनं आधी वर्षभर मागचा रस्ता वाचला होता.

शिकवलं ते आमच्या बेंबळीच्या शिवारात. वकीलसाहेबांची तिकडं जमीन होती आणि तिच्या कडेला एक सपाट माळ होता. ना झाड, ना विहीर. मी हँडल मारलं आणि आत येऊन शेजारच्या बैठकीवर बसलो. अम्माँसाहेब चाकामागं बसल्या. बुरख्याचं तोंड मागं टाकलेलं. त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. देवीचे बारीक वण, आणि पोरीसारखे डोळे.

"डावा पाय क्लच. दाबला की इंजिन आन चाकांचं नातं तुटतं. गिअर टाका. आता हळूहळू सोडा. दह्याचं भांडं ठेवल्यागत. उजवा पाय... न्हाय, पायाकडं बघू नका, समोर बघा. पाय आपापलं बघत्यात."

पहिल्यांदा मोटर बेडकासारखी उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदाही. मी तिसऱ्यांदा हँडल मारताना घामाघूम झालो होतो. मागच्या बैठकीवर दुल्हन लिंबू धरून डोळे गच्च मिटून बसली होती.

मग मोटर निघाली. एक हिसका नाही. दुसरा गिअर टाकायला मी सांगायच्या आत त्यांनी टाकला, आवाज ऐकूनच. माळाच्या टोकाला वळवली, परत आणली, पुन्हा वळवली. मी मनात शंकराचं नाव घेत होतो, नंतर तेही विसरलो. बांधाजवळ त्यांनी क्लच दाबला, ब्रेक दाबला, मोटर थांबली. हॅण्डब्रेक ओढला, गिअर सोडला, इंजिन बंद केलं. सगळं क्रमानं, मी सांगितलं होतं तसं. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो.

पण त्या उतरल्या आणि मागचं दार उघडून उभ्या राहिल्या.

"दुल्हन, उतर. पुढं बस."

"मी? अम्मीजान, मला मळमळतं!"

"मागं बसून मळमळतं. पुढं बसलीस की न्हाय मळमळणार. लिंबू शिवप्पाकडं दे."

दुल्हन चाकामागं बसली. अम्माँसाहेब तिच्या शेजारी, माझ्या जागेवर बसल्या. मला म्हणाल्या, "हँडल मार. अंगठा बाहेर ठेव."

मी हँडल मारलं. मोटर सुरू झाली. मी हातात लिंबू घेऊन बांधावर उभा राहिलो. उडी मारत मोटर निघाली, बंद पडली, पुन्हा मी हँडल मारलं, पुन्हा निघाली. दूर जाता जाता इंजिनाच्या वरताण तो कोतवालाचा आवाज मला ऐकू येत होता.

"पायाकडं बघू नक्को, गं! समोर बघ, समोर!"